पुलावरचा राक्षस आणि बाईंचं ‘कशावरून?’

“कशावरून?” हा आमच्या बाईंचा लाडका प्रश्न. चष्मा कपाळावर सरकवायचा, डस्टर टेबलावर हलकंच आपटायचं आणि विचारायचं. स्टाफरूममध्ये कुणी सहज म्हणालं की आज चहा पाणचट झालाय, तरी बाईंचं येणारच, “कशावरून?” तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर तुम्ही हवापाण्याच्या गप्पासुद्धा जपून मारत असाल.

रहाटणीतल्या आमच्या शाळेत बाकी सगळ्या मॅडम, बाई या एकट्याच. त्या दहावीला मराठी शिकवायच्या, मी गणित. त्यांच्यानंतरचा तास माझा, आणि त्यांचा तास वेळेवर कधी संपायचा नाही. दारात ताटकळत उभं राहून मी त्यांचं बरंच शिकवणं ऐकलं. सुरुवातीला वैताग यायचा. नंतर मीच दोन मिनिटं आधी जायला लागलो.

मुलांचे निबंध म्हणजे गाइडची सख्खी भावंडं. चाळीस वह्या तपासल्या तरी एकच निबंध वाचल्यासारखं वाटायचं. शेवटी बाईंनी एक दिवस प्रोजेक्टरवर चक्क जादूचा सिनेमा लावला. नदीवर एक पूल, पुलावर एक राक्षस. पलीकडे जायचं तर प्रत्येकानं आपली एक आठवण त्याला द्यायची. ती दिली की कायमची गेली. एक मुलगी आजारी भावाचं औषध आणायला निघते आणि त्या पुलाशी येऊन थांबते.

“राक्षस कसा आहे?” बाईंनी विचारलं.

“दुष्ट प्रवृत्तीचं प्रतीक आहे,” वर्ग एका सुरात.

“कशावरून?”

मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “बाई, गाइडमध्ये तसंच असतं.”

“या राक्षसाचं गाइड निघालेलं नाही. म्हणून तर आणलाय त्याला.”

मग त्यांची पद्धतच पडली. सिनेमा थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा बघायचा. निबंधात आधी आपलं म्हणणं मांडायचं, मग त्याला सिनेमातला दाखला द्यायचा आणि शेवटी “बरं, मग काय?” याचं उत्तर लिहायचं. एकदा मी दारात असताना आत जुंपली होती. आठवण घेताना राक्षस डोळे मिटतो, म्हणजे त्याला ते बघवत नाही, असं एकीचं म्हणणं. “छे! चव घेतोय तो,” दुसरा ओरडला. बाई खूश. “दोघंही लिहा. भांडण चांगलं आहे,” म्हणाल्या. माझा तास त्या दिवशी गेलाच.

पण हा प्रश्न शाळेत मावेना, तो घरी पोचला. खिडकीजवळच्या त्या मुलीचे वडील महाळुंग्याला कंपनीत होते, कुटुंब मूळचं बीडकडचं. तिच्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे आले. मुलाचे मामा म्हणाले, “मुलगा एकदम निर्व्यसनी आहे.” ही पोह्यांच्या बश्या घेऊन उभी. सवयीनं बोलून गेली, “कशावरून?”

पाहुणे पोहे टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी वडील शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यातच शाळेत आले. “बाई, काय शिकवायलात तुमी पोरीला? सिनेमे दाखवून डोकं फिरवलं तिचं. सोयरीक मोडली की आमची!”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. आता विचारतात की काय, म्हणून आम्ही श्वास रोखला. पण त्या एवढंच म्हणाल्या, “पोहे खाऊन होईपर्यंत थांबायला हवं होतं तिनं.”

हसलं कुणीच नाही. मुख्याध्यापकांनी सिनेमाचा तास बंद करायचं ठरवलं. दहावीचं वर्ष, पालकांची तक्रार, त्यांचंही बरोबर होतं. त्या दुपारी बाईंनी डबा उघडलाच नाही. “मुलं आत्ता कुठं स्वतःचं वाक्य लिहायला लागलीत हो. परत गाइडकडे जातील,” म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनीच एक संधी मागून घेतली. आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे पालकसभाही गुरुवारीच. तो सिनेमा आधी पालकांना दाखवायचा, मग काय ते ठरवायचं.

ते वडील पहिल्याच बाकावर हाताची घडी घालून बसले. पुलाचा प्रसंग आला, बाईंनी सिनेमा थांबवला. “राक्षस कसा आहे?”

“बदमाश आहे,” वडील म्हणाले.

“कशावरून?” हे बाईंनी नाही, त्या वडिलांच्याच लेकीनं मागून विचारलं.

“दिसायलाय की!” ते गुरकावले. मग पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “जरा मागं घ्या, बाई.”

तीनदा मागं घ्यायला लावलं त्यांनी. तोवर बाकीचे पालकही राक्षसावरून हमरीतुमरीवर आले होते. मुलीची आई मात्र स्वतःशीच म्हणाली, “मी असते तर कोणती आठवण दिली असती?” वडिलांनी हाताची घडी सोडली. मुख्याध्यापक घड्याळ बघत उठले. “चालू द्या. पण पोर्शन पुरा झाला पाहिजे,” म्हणाले.

बाई आता निवृत्त होऊन तळेगाव दाभाड्याला लेकीजवळ राहतात. माझा तास वेळेवर सुरू होतो आणि त्याचं मला काडीचंही सुख नाही.

त्यांचा निरोपसमारंभ गुरुवारीच ठेवला होता. भाषणं संपत आली तेव्हा ते वडील न बोलावता उभे राहिले. इतका वेळ घरच्यासारखे मागे बसले होते.

“पुढच्या स्थळाला आमीच खोदून विचारलं. बाईंमुळं आमाला जावई चांगला भेटला,” म्हणाले.

सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं, “कशावरून?”

ते ओशाळले. टोपी काढून हातात घेतली. “थोरली माहेराला येती. चार दिवस राहा म्हणलं, तरी दुसऱ्या दिवशी तिला जायची घाई असती.”

हसणं थांबलं. व्यासपीठावरून बाईंनी हळूच विचारलं, “बरं, मग काय?”

“मग काय, बाई. घर सुनं लागतंय. पण झोप लागती.”

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.