नातसुनेच्या पाठीवरचा तीळ

"हा तीळ कॅन्सरचा आहे," डॉक्टर म्हणाले. माझी परदेशी नातसून एमा हिने माझा हात घट्ट धरला.

शाळेत असताना ती मैत्रिणींबरोबर कातडी सावळी करणाऱ्या दिव्यांच्या यंत्रात झोपायची. त्यानेच धोका वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. इथल्या मुली गोरं व्हायला तोंडाला बेसन फासतात. मिळालेली कातडी कुठेच कुणाला पसंत नाही.

गेल्या दिवाळीत तिला तेल लावताना तो तीळ माझ्या बोटाला लागला होता.

"गेल्या वर्षी हा एवढा नव्हता."

"आजी, तुम्ही तेल लावता की पाठ तपासता?"

"दोन्ही. उद्या डॉक्टरकडे चल."

तीळ वेळेत काढला. यंदा मी त्या व्रणावरून हलक्या हाताने तेल फिरवलं. आमच्या या रीतीचे उपकार आहेत. एमा वाचली.