करपलेली बाजरी

भाकरी करपल्याचा वास सुटला की शेजारीसुद्धा ओळखतात, आज स्वयंपाक मी केलाय. मला मात्र त्या वासाने गोदाकाठची एक दुपार आठवते. माझी भाची तेव्हा तिथल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खननात काम करायची आणि पुढे शिकायला परदेशी जायचं म्हणत होती. तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या दादाचा, ठाम नकार. तिला समजवायला त्याने मला सोबत नेलं, आणि मी माझ्या भाकऱ्यांचा डबा. भाची टबात माती कालवून वर तरंगणारं काळं काहीतरी गाळून घेत होती. दादा म्हणाला, "एवढी शिकली अन् चिखल धुती का?" तिने त्याच्या तळहातावर काळा ठिपका ठेवला. "बाजरी आहे बाबा. हजारो वर्षांपूर्वी चुलीत जळाली, म्हणून तर टिकली." दादाने माझ्याकडे पाहिलं. "मंग तुझ्या आत्याचा सैपाक लय टिकंल!" मी समजवायचं विसरून हसत सुटले. "पण बाजरी आपलीच ना?" त्याने विचारलं. "मूळची आफ्रिकेतली. तिकडून आली आणि इथलीच झाली." बाजरीवाचून जेवण न जाणारा दादा बराच वेळ तो दाणा निरखत राहिला. मग डब्यातली काळी भाकरी मोडत म्हणाला, "एवढासा दाणा एवढ्या लांब आला अन् रुजला. जा, तू बी जाय." परवा तिने तिकडे स्वतः थापलेल्या बाजरीच्या भाकरीचा फोटो पाठवला, चांगली काळीकुट्ट. "आत्यावर गेली," म्हणत दादा तो गावभर दाखवत फिरतोय.