तो पिवळा हळदीचा नव्हता

गोविंदराव गेल्याचे शाळेच्या शिपायाने सांगितले तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. "चित्रकलेचे मास्तर गेले," एवढेच तो म्हणाला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. सकाळी अंघोळ करून ते शाळेसाठी कोट चढवत होते. एक बाही घातली, दुसरी राहिली... हृदय बंद पडले, असे डॉक्टर म्हणाले. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. दुःख आहेच, पण त्याच्या तळाशी सुटकेचा एक निःश्वासही आहे. एकटा माणूस, अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या हाताने पाणी पिण्याची त्यांना फार धास्ती होती. ती पाळी त्यांच्यावर आली नाही. नाशकात लोक त्यांची आठवण काढतात ती त्यांनी रंगवलेल्या नाटकाच्या पडद्यांसाठी. आमच्या घरात मात्र ते आठवतात एका चंपाषष्ठीसाठी, आणि आमच्या खंड्या कुत्र्यासाठी.

आमचे कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य देवाला दाखवला की पहिले पान कुत्र्याला वाढायचे आणि तो जेवला की मग घरातल्यांनी जेवायचे, ही आमची पिढीजात रीत. आईने अगदी पिलू असल्यापासून वाढवलेला खंड्या घरात आल्यापासून हा मान त्याचाच. त्या वर्षी काही दिवस तो मरगळलेला होता. भाकरी हुंगायचा आणि सोडून द्यायचा. पाणी मात्र सारखे प्यायचा. मध्येच गवत खाऊन ओकायचा. थंडी बाधली असेल, असे आम्ही म्हणत होतो. त्यात त्याने भाकरी पुरती टाकली ती नेमकी रविवारी, म्हणजे खंडोबाच्या वारी. आईने शेजारच्या यमुनाबाईंना मोठ्या कौतुकाने सांगितले, "आमचा खंड्या रविवार धरतो हो!" झाले. यमुनाबाईंनी ते आळीभर केले आणि खंडोबाचे नवरात्र बसल्यापासून बायका येऊन त्याच्या कपाळाला, कानांना भंडारा लावून जाऊ लागल्या. तो निमूट लावून घ्यायचा. पूर्वी परक्या माणसाला अंगाला हात लावू न देणारा कुत्रा असा शांत बसतो, याचेही आम्हाला कौतुकच वाटले.

चंपाषष्ठीला गोविंदराव नेहमीप्रमाणे आमच्याकडे जेवायला होते. तळी भरली, आरती झाली, आईने खंड्यापुढे पान ठेवले. तुपाने माखलेला रोडगा, भरीत, कांद्याची पात. खंड्याने नाक पुढे केले आणि तोंड फिरवून तो भिंतीशी जाऊन पडला. आरतीला आलेल्या यमुनाबाई हळूच म्हणाल्या, "देवाचं कुत्रं पान नाकारतंय म्हणजे काहीतरी चुकलंय बाई." आईचा चेहरा उतरला. सहा दिवस एकभुक्त राहिलेली ती, साठीच्या पुढची बाई; त्या दिवशी तिच्या पोटात पाणीही नव्हते. "तो जेवल्याशिवाय मी थेंब घेणार नाही," ती म्हणाली आणि देवापुढे बसली. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "तू तुझी पुस्तकं वाच, वामन." तिचे ओठ सुकलेले मला दिसत होते आणि काय करावे ते सुचत नव्हते.

गोविंदराव पाटावरून उठले आणि खंड्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "काकू, भंडारा कपाळाला लावला, कानाला लावला. डोळ्यांत कुणी लावला?"

"डोळ्यांत कोण कशाला लावेल, गोविंदा?"

त्यांनी खंड्याला उचलून दारातल्या उन्हात आणले. उपरण्याचे टोक भिजवून कानाची आतली बाजू पुसली. हळद उपरण्याला लागली आणि तिच्याखालची कातडीही पिवळीच निघाली. ओठ वर केला, हिरड्या पिवळ्या. डोळ्याची खालची पापणी ओढली, तिथेही तेच. "हळदीचा पिवळा कोरडा असतो, वरून बसतो," ते मला म्हणाले. "हा ओला आहे. आतून वर आलाय." मग आईकडे वळून, "काकू, अंगण तुम्हीच धुता ना? याच्या लघवीचा रंग कसा असतो?"

आई विचारात पडली. "चहासारखा... मला वाटलं, भंडाऱ्याचंच पाणी."

"कावीळ?" मी विचारले.

"मी चित्रं काढतो, वैद्यकी करत नाही. पण हा रंग माणसाचा झाला तर तुला यकृताचीच शंका येईल ना? मग याची का येऊ नये? ऊठ, टांगा बघ. आणि काकू, देवावर आळ घेऊ नका. पोरगं आजारी आहे."

टांगेवाला कुत्र्याला घ्यायला तयार होईना. "घोडं बुजंल, मास्तर." गोविंदरावांनी खंड्याला उपरण्यात गुंडाळले. "कुत्रा कुठे आहे? आमचा पाहुणा आहे, आजारी." टांगेवाला म्हणाला, "पाव्हण्याला शेपूट हाय की!" "मग ते घोड्याला सांगू नकोस," म्हणत ते चढून बसलेसुद्धा.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बैलांची सवय. तरी त्यांनी खंड्याला नीट तपासले, बरगड्यांच्या खाली बोटे दाबून पाहिली. खंड्या कण्हला. "यकृताला सूज असावी," ते म्हणाले. "खात्री देत नाही, रक्ताच्या दुसऱ्या आजारातही असा पिवळेपणा येतो. पण खाणं सुटलं, ओकतोय, लघवी गडद आणि त्यात हा रंग, एवढं एकत्र दिसलं की वाट बघू नये. आणखी थांबला असतात तर माझ्या हाती काही उरलं नसतं." त्यांनी औषध दिले. तूप-तेल बंद, थोडी थोडी तांदळाची पातळ पेज आणि साखरेचे पाणी. पोट फुगले किंवा गुंगी आली तर तसेच उचलून आणायचे.

घरी आलो तेव्हा आई देवापुढेच होती. पेजेचे ऐकून गोंधळली. "चंपाषष्ठीला पेजेचा नैवेद्य? आमच्या घरात?" गोविंदराव शांतपणे म्हणाले, "पहिलं पान ज्याचं, त्याला पचेल ते वाढायचं, काकू. देव काय फक्त वांगं ओळखतो?" आई उठली, पेज केली, देवाला दाखवली आणि वाटी खंड्यापुढे ठेवली. आम्ही तिघे श्वास रोखून उभे. त्याने हुंगले... थांबला... आणि जीभ बाहेर काढली. चार-पाच वेळा चाटून तो पडून राहिला. आईने पदराने डोळे पुसले आणि घटाघट पाणी प्यायली. ते पाणी तिच्या घशाखाली उतरताना पाहून मला जे वाटले ते शब्दांत सांगणे मला आजही जमत नाही.

खंड्या हळूहळू बरा झाला. गोविंदराव रोज शाळेला जाताना थांबत, त्याला दारातल्या उजेडात बसवत, ओठ उचलून पाहत आणि मोठ्याने निकाल सांगत. "आज आंबा." पुढे, "आज लिंबू." आणि एके दिवशी आनंदाने ओरडले, "काकू, गुलाबी!" त्यानंतर पाहण्याची गरज उरली नव्हती, पण त्यांनी ते सोडले नाही. पाच वर्षे रोज तेच, आणि ते पाहून गेले की मग आई भाकरी वाढायची.

ते गेले त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने भाकरी वाढली आणि तिची हाक आली, "वामन, हा खात नाही रे!" तो जुना घाबरा आवाज... मी धावलो. खंड्या उंबऱ्यावर उजेडाकडे तोंड करून, हनुवटी वर उचलून बसला होता. आजारी कुत्रा असा ताठ बसत नाही. मी खाली बसलो, ओठ वर केला, पापणी ओढून पाहिली. तो ढिम्म. काहीतरी राहिले आहे, हे मला कळले. मी म्हणालो, "गुलाबी."

खंड्या उठला, भाकरीकडे गेला आणि सगळी संपवली. आई रडता रडता हसली. "मेला! आपल्याला वाटलं आजारी, आणि हा मास्तरांची वाट बघत बसलाय."

आता शाळेला मी थोडा आधी निघतो; खंड्या उंबऱ्यावर हनुवटी वर करून बसलेला असतो.