ओस्लोच्या गाडीत फाटकवाले तात्या

आमचे हे बोलत नाहीत, ही माझी तक्रार कधीच नव्हती. पुरुषमाणूस कमी बोललेलं मला चालतं, माझ्या एकटीच्या तोंडाचा पट्टा दोघांना पुरतो. पण गेल्या वर्षी मे महिन्यात हे रिटायर झाले आणि जे तोंड मिटलं ते मिटलंच. चहा ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तरी गपगुमान जेवून उठले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

गाव ह्यांना तात्या म्हणतं. केळवे रोड आणि पालघरच्या मधे एक रेल्वे फाटक होतं, तिथे हे तेहतीस वर्षं गेटमन. मी चंद्रकांता, माहेर मासवणचं. अंगणवाडीत बडबडगीतं शिकवून शिकवून माझी भाषा शाळेसारखी झाली, ह्यांची मात्र फाटकावरचीच राहिली.

लोकांना वाटतं, फाटकवाल्याला काय काम? दांडा खाली, दांडा वर. अहो, करून बघा! स्टेशनमास्तरचा फोन आला की फाटक बंद करायचं, कुलूप लावायचं, आणि दोन्ही झेंडे हातात घेऊन केबिनबाहेर ताठ उभं राहायचं. गाडी आली की चाकं बघायची. कुठे धूर निघतोय का, खाली काही लोंबतंय का. सगळं ठीक असलं तर हिरवा झेंडा. मग शेवटच्या डब्यातला गार्ड आपला हिरवा झेंडा दाखवणार, की ह्यांची सुटका. ऊन असो, पाऊस असो, अख्खी गाडी जाईपर्यंत बसायचं नाही.

आणि कौतुक काय? तर शिव्या. शनिवार-रविवारी केळव्याच्या समुद्रावर निघालेल्या मुंबईच्या गाड्या, एरवी बोईसरच्या कंपनीत चाललेली पोरं, सगळे हॉर्नवर हात ठेवून. "ए फाटकवाले, खोल ना!" त्याच्यापुढे हिंदीत जे यायचं ते मी इथे लिहिणार नाही. हे ऐकून घ्यायचे. दांडा मात्र वेळेआधी एकदाही वर गेला नाही.

ह्यांच्या रिटायरमेंटच्याच महिन्यात उड्डाणपूल सुरू झाला आणि फाटक कायमचं बंद झालं. केबिन जेसीबीने अर्ध्या दिवसात पाडली. हे बघायला गेले होते. घरी येऊन पाय धुतले आणि झोपाळ्यावर बसले, ते तसेच.

यंदाच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. भर दुपारी शेजारच्या वाडीतला कमलेश ह्यांना हाताला धरून घेऊन आला. ह्यांना आत बसवलं आणि मला मागच्या पडवीत बोलावलं. म्हणाला, "काकी, तात्या रुळाच्या लय जवळ बसले व्हते. गाडी येत व्हती, तरी उठले नाय."   पुढचं विचारायची माझी हिंमतच झाली नाही. त्या दिवसापासून मी ह्यांना नजरेआड होऊ दिलं नाही.

शेवटी मेघालीला फोन केला. मेघाली आमची एकुलती एक. इंजिनियर झाली, तारापूरला एका कंपनीत तीन वर्षं काढली आणि मग स्वीडनला गोथेनबर्गला गेली. तिला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग माझ्यावरच ओरडली, इतके दिवस का लपवलंस म्हणून, आणि मग म्हणाली, "आई, तात्यांना घेऊन इकडे ये. मी त्यांना आगगाड्यांतून फिरवते. रेल्वेचा माणूस आहे, गाडीत बसला की फुलेल." मला पटलं. देव तिचं भलं करो, सप्टेंबरात आम्हाला तिकडे नेलं तिने.

विमान कोपनहेगनला उतरलं आणि विमानतळाच्या पोटातूनच गाडी निघाली. ती चक्क समुद्रावरून स्वीडनमध्ये जाते! खाली पाणी, बाजूला जहाजं, आणि गाडी आपली हलतसुद्धा नाही. एका उंचनिंच बाईने न सांगता माझी बॅग वर ठेवली आणि उतरताना न सांगता खाली काढून दिली. डब्यात शांतता एवढी, की मी शिंकले तर मलाच लाज वाटली. मी डोळे फाडून बघत होते. ह्यांना म्हटलं, "अहो, समुद्र!" हे म्हणाले, "हं."

मेघालीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

पुढच्या शनिवारी तिने आम्हाला ओस्लोच्या गाडीत बसवलं. गोथेनबर्ग ते ओस्लो, चारेक तासांचा रस्ता. तासाभराने शहर संपलं, शेतं लागली, मग नुसतं जंगल आणि तळी. रस्ते रुळाला आडवे यायला लागले. आणि हे एकदम खिडकीला नाक लावून बसले. एक फाटक गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. मला वाटलं, पावला बाई देव!

"मेघाली," हे म्हणाले, "इथं गेटवर मानूस नसतो?"

किती महिन्यांनी आपणहून काही विचारलं! मेघाली खूश झाली आणि लागली सांगायला. गाडी जवळ आली की रुळालाच कळतं, दांडा आपोआप खाली येतो, गाडी गेली की आपोआप वर जातो, सगळं कॉम्प्युटरवर. कारटीने इंजिनियरिंगचा सगळा अभ्यास ओतला. मी सीटखालून तिला लाथ मारली, तेव्हा कुठे गप्प झाली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हे पुन्हा खिडकीकडे वळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेहतीस वर्सं मी जे केलं, ते नुसत्या दांड्याला येतं. आपन फुकट उभे रायलो गं."

  मला मेघालीचा राग आला, त्या दांड्यांचा आला, स्वतःचा तर फारच आला. एवढा खर्च, एवढा आटापिटा करून आपण ह्यांना इथे आणलं ते हे ऐकायला? रुळाशेजारी बसलेला हा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी ह्यांचा हात धरला. तो नुसता माझ्या हातात पडून राहिला.

आणि गाडी थांबली.

स्टेशन नाही, काही नाही. दोन्ही बाजूला झाडं. एक माणूस स्पीकरवरून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, मग इंग्रजीत. समोरच्या सीटवरच्या सूटवाल्याने घड्याळ बघून मोठा सुस्कारा सोडला. मेघाली मात्र आमच्याकडे बघतच राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"पुढचं फाटक बिघडलंय," ती म्हणाली. "दांडा खाली येत नाहीये. तिथे माणूस पाठवलाय. तो जाऊन उभा राहीपर्यंत गाडी पुढे जाणार नाही."

ह्यांनी मान वळवली. "काय पाठवलाय?"

"माणूस, तात्या."

आता ह्यांच्या पाठीचा कणा मला समोर दिसत होता हो, एकेक मणका सरळ होताना! "कुठून येनार तो? लांबून? एकटाच? दोनी बाजूंचा रस्ता एकटा कसा धरनार?" प्रश्नांवर प्रश्न. मेघालीला एकाचंही उत्तर येईना. तेवढ्यात सूटवाल्याने पुन्हा घड्याळ बघून च् च् केलं. हे त्याच्याकडे वळले आणि शुद्ध केळव्याच्या भाषेत म्हणाले, "थांबा ओ जरा! त्याला पोचू तर द्या." तो बिचारा घाबरून "सॉरी" म्हणाला. मला लाजही वाटली आणि असा आनंद झाला की विचारू नका.

तिकीट तपासणारी बाई डब्यात सगळ्यांना समजावत आली. मेघाली उठून उभी राहिली. ही आमची मुलगी शाळेत असताना 'वडील रेल्वेत नोकरीला' एवढंच लिहायची. फाटकवाल्याची पोरगी म्हणून चिडवतील, अशी भीती. मला माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं, आम्ही दोघं मूग गिळून बसायचो. तीच मेघाली त्या शांत डब्यात खणखणीत आवाजात इंग्रजीत म्हणाली, "हे माझे वडील. फाटकावर उभं राहायचं काम ह्यांनी तेहतीस वर्षं केलंय." एवढं इंग्रजी मला कळतं.

त्या बाईने ह्यांच्याकडे बघितलं. आपल्याच खात्यातल्या जुन्या माणसाला भेटावं तसं बघितलं. मग मेघालीमार्फत विचारलं, दिवसाला किती गाड्या?

"माज्या डूटीत साठ-सत्तर," हे म्हणाले. "लोकल, एक्सप्रेस, मालगाडी, समदं धरून."

बाईने डोळे मोठे केले. त्यांच्याकडे म्हणे दिवसभरात इतक्या नसतात. ती म्हणाली, "फाटकावर आता जी आलीय ती बाई आहे. लांबून मोटारीने आलीय. डाव्या बाजूला उभी असेल, तुमच्याच खिडकीच्या." आणि ह्यांच्याशी हात मिळवून पुढे गेली. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. पण तिचे उपकार मी कधी विसरायची नाही.

गाडी हलली. अगदी सावकाश, बैलगाडीसारखी. हे उठून उभे राहिले आणि मला काही कळायच्या आत माझ्या अंगावरची हिरवी शाल ओढून घेतली.

"अहो, काय करताय? थंडी वाजतेय मला!"

ऐकतंय कोण? शालीची घडी केली, हात सरळ पसरला आणि खिडकीच्या काचेला लावून धरली. शेवटच्या डब्यातला गार्ड धरायचा, अगदी तशी.

ती बाई दिसली. माझ्याच वयाची असेल. पिकलेले केस, अंगात नारिंगी जाकीट. मागे दोन मोटारी आणि एक ट्रॅक्टर थांबवलेला, एक हात त्यांच्याकडे आडवा. आणि नजर खाली, आमच्या गाडीच्या चाकांवर.

"बरोबर बगते," हे म्हणाले. "चाकंच बगते."

मग तिने मान वर केली. खिडकीत हिरवी शाल धरलेला म्हातारा बघून आधी तिला काही उमगेना. पण मग काय वाटलं कोण जाणे, ती सरळ झाली आणि तिने दुसरा हात उंच केला, आमची खिडकी पुढे जाईपर्यंत तसाच ठेवला. मेघालीने हात वर केला, रडत रडत. मीसुद्धा केला. सूटवाल्याकडे माझं लक्ष नव्हतं, त्याने काय केलं कोण जाणे.

ती दिसेनाशी झाल्यावर हे बसले. शाल माझ्या खांद्यावर नीट पांघरली. बोलायला लागले ते थांबेचनात. गार्डाने झेंडा दाखवला की कसं वाटायचं, की आपल्याला कुणीतरी बघितलं. एखादा गार्ड विसरायचा, तर दिवसभर कसं चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. "आज मी नाय विसरलो," म्हणाले.

मग मान वळवून मागे, फाटक गेलं त्या दिशेला बघायला लागले. 

"काय हो? काय विचार करताय?"

"तिला जेवाया कोन आनून देत असल?"

मी म्हटलं, असेल तिचा डबा मोटारीत. एवढं बोलले आणि मला माझ्या भाकऱ्या आठवल्या. फाटकावर जेवायला उठून जायची सोय नव्हती. ह्यांची दिवसपाळी असली की दुपारी अंगणवाडी बंद करून मी घरी जायची, भाकऱ्या थापायची, फडक्यात घट्ट बांधायची आणि रुळाच्या कडेकडेने अर्धा तास चालत फाटकावर न्यायची. तेहतीस वर्षं. हे नुसतं "ठेव" म्हणायचे. मी तणतणत परत यायची, की ह्या माणसाला बायको आली काय आणि मालगाडी आली काय, सारखंच.

हे खिडकीबाहेर बघत होते. माझा हात धरलेला होता, आणि ह्या वेळी ह्यांनी धरलेला.

"तू डबा कदी गार आनला नाय," हे म्हणाले. "येक दिस पन नाय. मी केबिनमदनं लांबवर बगायचो. तू वळनावर दिसलीस की मला वाटायचं, आपन हाव कुनाचे तरी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मी ओरडलेच. त्या शांत डब्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. "तेहतीस वर्षं, तेहतीस वर्षं मी..." 

"गाडी यायची ना गं," हे म्हणाले. "आता नाय येत."