उलट्या बाजूचा बसस्टॉप

यमुना दिघेने साउथहॅम्प्टनमध्ये सव्वीस वर्षं बस चालवली. हॉस्पिटल ते डॉक्स, डॉक्स ते हॉस्पिटल. क्रूझची माणसं चाकांच्या बॅगा ओढत तिच्या बसमधून उतरायची आणि जहाजात चढायची. ती बस वळवून परत यायची. निवृत्त झाल्यावर, सदुसष्टाव्या वर्षी, तिने ग्वाटेमाला देशातल्या अँटिग्वा शहराचं तिकीट काढलं. एकटीचं.

मी लंडनमधल्या ईलिंगहून फोन करून कारण विचारलं, तर म्हणाली, "ताई, तिथल्या बसेस बघायच्यात."

अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या बसेस तिकडे नेऊन लाल-हिरव्या-निळ्या रंगवतात आणि कपाळावर एखाद्या बाईचं नाव लिहितात. मी चाळीस वर्षं तोंडाला रंग लावून रंगमंचावर उभी राहिले. नटलेल्या बसेस बघायला कुणी समुद्रापार निघालं, तर मला त्यात काही विचित्र वाटत नाही.

तिच्या मुलाला, नकुलला, वाटलं. त्याने लंडनहून निघणाऱ्या एका टूर ग्रुपमध्ये आईसाठी जागा धरून ठेवली. ग्रुप दुसऱ्या दिवशी सकाळी अँटिग्वात पोचणार होता. माय-लेकांचं ठरलं ते असं: पहिला दिवस यमुनाने एकटीने काढायचा आणि संध्याकाळी पाच वाजता हॉटेलच्या अंगणातून व्हिडिओ कॉल करायचा. जमलं, तर पुढचे अकरा दिवस तिचे. नाही जमलं, तर ग्रुप आणि गाईडची उंच धरलेली छत्री.

सकाळ छान गेली. पिवळी कमान, गेरूच्या रंगाच्या भिंती, निळी दारं, आणि दगडगोट्यांचे रस्ते, ज्यांच्याबद्दल तिच्या गुडघ्यांचं मत बरं नव्हतं. बाजारामागच्या बसतळावर ती तासभर नुसती उभी राहिली. मग 'एस्मेराल्दा' लिहिलेल्या जांभळ्या बसमध्ये बसून विणकरांच्या एका गावी गेली. जाताना ज्वालामुखी डाव्या हाताला होता, तेवढं तिने बघून ठेवलं.

साडेतीनला ती परतायला निघाली आणि शहराकडे तोंड करून, जन्मभर राहिली तशी, रस्त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. त्या देशात गाड्या उजवीकडून चालतात. तिने हात दाखवला, बस थांबली, ती चढली.

वीस मिनिटांनी तिच्या लक्षात आलं, ज्वालामुखी अजून डावीकडेच आहे.

चुकीच्या विंगेतून एन्ट्री घेतली की काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. आपण थबकलो, तरच लोकांना कळतं. यमुना थबकली नाही. उतरली, रस्ता ओलांडला, हात दाखवला. पहिली बस भरलेली. दुसरीच्या पायरीवर माणसं लटकलेली. तेवढ्यात नकुलचा मेसेज आला: 'आई, मॅपवर तू कुठे चाललीस? तुझी बॅटरी किती आहे?'

तिने लिहिलं, 'बसेस बघतेय.'

तिसरीचा ड्रायव्हर पिकल्या मिशांचा होता. यमुनाने स्वतःकडे बोट दाखवलं, हवेत स्टिअरिंग फिरवलं आणि बोटांवर सव्वीस वर्षं मोजायला सुरुवात केली. तो खो खो हसला. सीटमागचं पोतं ओढून त्याने तिला जागा करून दिली.

"गिअर काय सुरेख टाकतो!" ती मला सांगत होती. "पण वळणं घेतो ती! ताई, सबंध उतारभर ब्रेक मीच दाबत होते."

हॉटेलच्या अंगणातून तिने फोन लावला, तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

"लेट," नकुल म्हणाला. "कुठे होतीस?"

"उलट्या बाजूला उभी राहिले. चुकीच्या बसमध्ये बसले."

"तू? तू बसमध्ये चुकलीस?"

"हस. हसून घे."

"पण आपलं डील होतं, आई. मी ग्रुपला सांगतो."

"थांब. बस पाच मिनिटं एकोणसाठ सेकंद उशिरा आली, तरी ती वेळेवरच धरतात. मला सव्वीस वर्षं त्याच मापाने मोजलं."

"हे तू आत्ता बनवलंस."

"गुगल कर. मी फोन धरून ठेवते."

साउथहॅम्प्टनला रात्रीचे अकरा वाजले होते. नकुलने खरंच शोधलं.

"ओके, फाईन," शेवटी तो म्हणाला. "पण उद्या निघताना आधी सांग, कुठल्या बाजूला उभी राहणार."

"उजव्या. ठेव आता, भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप अँटिग्वात पोचला, तेव्हा यमुना बसमध्ये होती. कुठल्या गावाच्या, ते तिला अजूनही नीट सांगता येत नाही.