रॅम्पची व्हॅन

कुलूपवाल्या दादांची बायको चार वर्षं चाकाच्या खुर्चीत होती. तिला उचलून उचलून दादांची कंबर कामातून गेली, तेव्हा त्यांनी परदेशातून मागे रॅम्प असलेली जुनी व्हॅन मागवली. सगळे कागद दिले, पण बंदरातल्या कस्टमला गाडीच्या धुराचा दाखला मूळ कंपनीचाच हवा होता आणि ती कंपनी केव्हाच बंद पडली होती. आठ महिने हेलपाटे घातल्यावर बंदरातून हुकूम आला, गाडी भंगारात काढा.

"मला एकदा दाखवा तरी," बायको म्हणाली.

बंदराच्या यार्डातल्या साहेबांनी दहा मिनिटं दिली. दादांनी रॅम्प सोडला आणि खुर्ची अलगद आत गेली. सवयीनं दादा पुढे भलत्याच बाजूनं चढले. तिकडे स्टिअरिंगच नव्हतं; परदेशी गाडी, ते डावीकडे होतं.

ती खळखळून हसली. "अहो, गाडी पास झाली असती तरी तुम्ही नापास झाला असता!"

दादाही हसले.

वेळ संपली. उतरताना दादा खुर्चीमागे होते, म्हणून त्यांचे डोळे तिला दिसले नाहीत.

"सावकाश," ती म्हणाली. "आता कसली घाई?"