भूपतभाईंचं एक्स्पोर्ट

कारेलीबागेत आमचं छोटं एक्स्पोर्ट ऑफिस आहे. बडोद्याच्या आसपासची भाजी, फळं आम्ही दुबई-लंडनला पाठवतो. माल वेळेत गेला नाही तर नासतो, किस्से मात्र साठतच जातात. मालक भूपतभाई, पॅकिंग बघणारा शिंदे आणि कागदपत्रं करणारी मी, एवढ्या तिघांतच!

*

रुपया घसरला की भूपतभाई खूश, कारण आमचे पैसे डॉलरात येतात. एकदा डॉलर असा चढला की सकाळीच गरमागरम फाफडा-जलेबी आली. आम्ही खात होतो, तेवढ्यात त्यांच्या मिसेसचा फोन. मुलाची अमेरिकेतल्या कॉलेजची फी त्याच दिवशी भरायची होती.

भूपतभाईंनी फोन ठेवला आणि म्हणाले, "खा, खा. पण कोणी हसू नका."

*

लंडनच्या गिऱ्हाइकाला भेंडी एकदम सरळ लागते. वाकडी काढून टाकायची. ती मग आम्हीच घरी नेतो. एकदा शिंदेच्या बायकोने बाजारातून विकत आणून भरली भेंडी केली. त्याची पोरगी ताटाकडे बघत बसली.

"मम्मी, हिला काय झालंय? सरळ कशी?"

*

आंब्याच्या सीझनला विमानाचं भाडं आंब्याच्या किमतीच्या वर गेलं. भूपतभाई कार्गोवाल्याशी फोनवर भांडत होते. "अरे भाई, एवढ्या पैशांत तर माणूस जाऊन येईल."

"मग माणूस पाठवा. त्याच्या बॅगेत आंबे घाला."

भूपतभाईंनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "ताई, शिंदेकडे पासपोर्ट आहे?"

*

कांद्याच्या वेळी मात्र धंदाच बसायची वेळ आली होती. आमचे ट्रक बंदराच्या वाटेवर असताना निर्यातबंदी आली. सगळ्यांचाच माल परत फिरला आणि इथले भाव कोसळले. व्यापारी फोन उचलेनात. शेवटी भूपतभाई आम्हाला घेऊन खंडेराव मार्केटबाहेर टेम्पो लावून उभे राहिले.

आता गंमत अशी, की भूपतभाईंच्या घरात कांदा पिढ्यान्‌पिढ्या येत नाही. त्यांनी तो फक्त गोणीत पाहिलेला.

दांडिया बाजारातल्या एक काकी आल्या. "तिखट आहे का हो?"

भूपतभाईंना काय माहीत? ते आपली बंदीची हकीकत सांगू लागले. काकींनी शिंदेकडून सुरी घेतली, कांदा मधोमध कापला आणि नाकाशी धरला. इकडे भूपतभाई सांगताहेत, वर्षभराची मेहनत, शेतकऱ्यांना दिलेला शब्द. आणि काकींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

भूपतभाई बोलायचे थांबले. "काकी, तुम्ही नका रडू. उठेल बंदी, आज ना उद्या." त्यांनी काकींची पिशवी काठोकाठ भरली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

मी काही बोलणार, तर शिंदेने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी काकी पुन्हा आल्या. बरोबर दोन मैत्रिणी, मोठ्या पिशव्या आणि घरून आणलेली सुरी.

"भाई," त्या म्हणाल्या, "कालचं ते यांनाही सांगा."